सासूबाईंचा हात आणि माझा साउंड सर्व्हर

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं, की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे. मुलगी लिनक्सवाली आहे, विकतचं सॉफ्टवेअर घरात येऊ देत नाही आणि त्यावरून जेवताना भांडते, हे त्यांना वारज्याच्या घरात एकत्र राहायला लागल्यावर कळलं. "तत्त्वाची आहे हो," असं त्या शेजारी सांगायच्या. पुण्यात हे कौतुक नसतं.

त्यांनी स्वतः अठ्ठावीस वर्षं बिबवेवाडीच्या एका बालवाडीत पेटी वाजवून मुलांना गाणी शिकवली. गाणीही त्यांनीच रचलेली. एक चक्क ढोबळी मिरचीवर होतं. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी विचारलं, "स्नेहसंमेलनात मी मुलांबरोबर स्टेजवर असणार, तर तीन गाण्यांचं संगीत रेकॉर्ड करून द्याल का?" मी लगेच म्हटलं, "घरीच करू की." मला कुणी विचारलंही नव्हतं.

पेटीसमोर माइक ठेवला तर रस्त्यावरच्या रिक्षाही गाण्यात यायला लागल्या. म्हणून मी कॉम्प्युटरला जोडायचा छोटा कीबोर्ड आणला. त्याला स्वतःचा आवाज नसतो; पट्टी दाबली की सूर कॉम्प्युटर तयार करतो आणि हेडफोनमध्ये ऐकवतो. हा आवाज साउंड कार्डापर्यंत पोचवायला मधे एक कारभारी लागतो, त्याला म्हणायचं साउंड सर्व्हर. माझ्यासमोर तेव्हा दोन होते. पहिला पल्सऑडिओ, तो सगळ्यांना सांभाळून घ्यायचा. गाणी, मॅच, ऑफिसचा कॉल, सगळं एकत्र वाजायचं, फक्त आवाज जरा उशिरा यायचा. दुसऱ्याचं नाव जॅक. त्याच्यात हा उशीर जाणवायचा नाही, पण तो साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेऊन बसायचा आणि बाकी सगळे मुके. घरात कॉम्प्युटर एकच. नवऱ्याला मॅच, मला कॉल, दर वेळी सेटिंग कोण बदलत बसणार? मी पल्सऑडिओच ठेवला. उशिराबद्दल मी वाचलं होतं, बरं का. सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. एवढ्याने कुणाला काय कळतंय, असं म्हणून मी विषय संपवला.

सासूबाई वाजवायला बसल्या. भाता नव्हता तरी डावा हात सवयीने हवेत हलत होता, त्यावर आम्ही दोघी हसलो. मग हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक सुरू झाली आणि त्यांचा सूर तिच्या मागे पडायला लागला. पडद्यावर तर ढळढळीत दिसत होतं. ठेक्याची रेघ आधी, यांचा सूर नंतर.

"अहो आई, लय जरा मागे पडतेय. लक्ष द्या ना."

त्यांनी लक्ष दिलं. चार दिवस दिलं. पाचव्या दिवशी हेडफोन काढून म्हणाल्या, "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोटं मागे राहायला लागली, मग कप धरवेना." त्यानंतर त्या चहा दोन्ही हातांनी ओतायला लागल्या. मी म्हटलं, "वयोमानाने होतं थोडं." हे मी त्यांना धीर द्यायला म्हटलं होतं, आणि आज आठवलं की माझाच मला संताप येतो.

त्यांनी त्या बाईंना फोन केला. "माझा हात आता चालत नाही. तुम्हीच वाजवा आणि तुम्हीच रेकॉर्ड करा. माझी पेटीही घेऊन जा रविवारी. आता इथे तिचं काय काम?"

शनिवारी सकाळी त्या पेटी पुसत होत्या. पुसता पुसता सूर तपासायला मिरचीचं गाणं वाजवलं. मी कोथिंबीर निवडत होते आणि पायाने ठेका धरला होता. कडवं संपलं तरी सूर कुठेही मागे पडला नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा चोख.

कोथिंबीर तिथेच टाकून मी कॉम्प्युटरकडे पळाले. कीबोर्डची एक पट्टी दाबली. आधी प्लास्टिकचा टक् असा आवाज आला, मग सूर. नवऱ्याची मॅच तिथल्या तिथे बंद करून मी जॅक सुरू केला. नवरा काय काय बोलला ते लिहीत नाही. पुन्हा पट्टी दाबली. टक् आणि सूर एकदम.

"आई, जरा येता?"

त्यांनी वाजवलं आणि चक्क ठेक्याच्या पुढे धावल्या. त्या चार दिवसांत बिचाऱ्यांनी पट्टी आधी दाबायची सवय लावून घेतली होती. दुसऱ्या खेपेला बरोबर जमलं. मग मी सगळं सांगितलं.

"म्हणजे उशीर तुझ्या कॉम्प्युटरला होत होता?"

"हो."

"आणि हे तुला माहीत होतं?"

"वाचलं होतं. मला वाटलं, एवढं कळणार नाही."

मला रडू येत होतं. त्यांनी उजव्या हाताची बोटं एकदा उघडली, मिटली, आणि उठून फोन लावला.

"बाई, उद्या येऊ नका. पेटी देत नाहीये मी."

पलीकडचा आवाज चांगला खणखणीत होता, मलाही ऐकू आला. "अहो, पण तुमचा हात?"

"हात ठणठणीत आहे."

"अगंबाई, बरं झालं. कोणत्या डॉक्टरांचा गुण आला?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर घरचीच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला नाव सुचवणार नाही. आजारही तिनेच दिला होता."