मणीला खाली बांधलं तो दिवस

शेषगिरी राव अंबत्तूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचे क्लार्क होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आणि रिटायर झाल्यावर ती सगळी शिस्त एका गावठी कुत्र्याच्या वाट्याला आली. कुत्र्याचं नाव मणी. त्याला त्यांच्या बायकोनं, कुमुदिनीनं, वेस्ट मांबलमच्या भाजीबाजारातून पदराखाली झाकून आणलं होतं. तेव्हा राव आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पुढे तिच्यापेक्षा तेच त्याला जास्त जपू लागले.

मणीला कुठल्या वेळी घराबाहेर काढायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. मे महिन्यात सकाळी आठनंतर नाही. त्याआधीही राव स्वतःची चप्पल काढून डांबरावर पाय ठेवून बघायचे. गल्लीत पाणी तुंबलं तर नाही, पाण्यात विजेची वायर कुठे पडली असेल कोण जाणे. आणि फटाके असले तर मुळीच नाही. फटाक्यांच्या आवाजानं मणीचं भान सुटायचं, वाट दिसेल तिकडे धावायचा. दिवाळीत तीन दिवस खिडक्या बंद आणि रेडिओवर मोठ्यानं नादस्वरम. शेजारी म्हणायचे, रावांचा मणी म्हणजे कलेक्टर, परवानगीशिवाय हलत नाही. हसणाऱ्यांचे दात दिसतात, राव आपलं करत राहिले.

कुमुदिनी आठ दिवसांच्या तापात गेली. मग त्या फ्लॅटमध्ये दोघेच उरले, आणि दोघांपैकी कोण कोणाला सांभाळत होतं हे सांगणं कठीण होतं.

वर्षश्राद्ध आलं. तंजावरकडच्या या जुन्या मराठी घरांत श्राद्धाच्या पानावर कुत्र्याची नजर पडलेली चालत नाही, जेवण चालू असताना ते घरात असलेलंही चालत नाही. वेलचेरीला राहणारी मुलगी कीर्तना फोनवर म्हणाली होती, "अप्पा, मठात करा ना. अत्ता सगळे तसंच करतात." पण राव हट्टाला पेटले. "अपल्या घरची बाई, घरींच जेवेल," म्हणाले. आयुष्यभर वेळा जुळवणाऱ्या माणसाची चूक इथेच झाली.

त्या दिवशी सकाळी केळीची पानं आणायला गेले, तर पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो छापलेलं श्रद्धांजलीचं पोस्टर. रावांनी आधी त्यावरची वेळ वाचली. अंत्ययात्रा दोनच्या सुमाराला निघणार. इकडच्या रीतीप्रमाणे पुढे ढोल, फुलांचा सडा, आणि फटाक्यांच्या माळा. दोनलाच त्यांच्याकडे ब्राह्मण जेवायला बसणार होते.

घरी थोरली बहीण सकवारबाई तंजावरहून आलेली.

"अक्का, मणीला बेडरूममध्ये कोंडतों. पलीकडे प्रेत आहे, फटाके लावतील."

"वेडा की काय रे शेषू? कुत्रं आंत ठेवून कुमुदिनीला बोलावतोस? ती उंबऱ्यावरूनच परत जाईल. दोन तास खाली राहिलं तर काय मरतंय ते?"

शास्त्र सांगायला वाध्यार, म्हणजे भटजी, होतेच. तेही म्हणाले, कुत्रं आंत चालणार नाही. खालच्या शेजाऱ्यांकडे ठेवावं तर त्यांच्या दाराला कुलूप. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी रावांनी मणीला खाली पार्किंगच्या खांबाला बांधलं, पाण्याचं भांडं जवळ ठेवलं, पट्टा एका भोकानं आवळला. फार आवळायला मन होईना. मणी निमूटपणे त्यांच्याकडे बघत होता.

दोन वाजले. दोन ब्राह्मण पानावर, समोर राव, बोटात दर्भाचं पवित्रक. ब्राह्मणांचं जेवण होऊन आचमन होईपर्यंत श्राद्ध करणाऱ्यानं उठायचं नाही. ढोल गल्लीत शिरले, इमारतीच्या अगदी खाली आले, आणि माळ तडतडू लागली. मणी आधी भुंकला. मग केकाटला, लहान पिल्लासारखा, दोनदा. नंतर फक्त फटाके.

रावांनी उठायला जमिनीवर हात टेकला. वाध्यारांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. पायस वाढता वाढता सकवारबाई हळूच म्हणाल्या, "बस रे. अजून थोडंच." आणि राव बसले. भ्याले, दुसरं काय! विधीप्रमाणे त्यांनी विचारलं, "तृप्त झालात ना?" ब्राह्मण म्हणाले, "तृप्त झालों."

खाली आले तेव्हा साखळीला नुसता पट्टा होता, बंदच्या बंद. सोवळ्याच्या ओल्या धोतरानं, अनवाणी, राव तापलेल्या रस्त्यावरून शेवंतीच्या पाकळ्या पडल्या होत्या त्या वाटेनं धावले. वाट बसच्या मोठ्या रस्त्याला मिळाली. तिथे चहाच्या दुकानापाशी कोणीतरी मणीवर गोणपाट टाकलं होतं. मागचे दोन पाय बाहेर राहिले होते. लॉरी थांबलीही नाही, दुकानदार म्हणाला.

संध्याकाळी राव मणीला पुरून परत आले, हातपाय न धुताच भिंतीला टेकून बसले. सकवारबाईंचेही डोळे भरले होते. बाई वाईट नव्हती.

"रडूं नको रे शेषू," त्या म्हणाल्या. "श्राद्ध तरी मोडलं नाही. कुमुदिनी पोटभर जेवून गेली."

"ती माझ्या जागी असती ना, अक्का," राव म्हणाले, "तर पहिल्या आवाजालाच उठली असती."