कुंदाकाकूंनी नाकारलेली घरं

घर बघायला गेल्या की कुंदाकाकू आधी घराकडे पाठ करून उभ्या राहायच्या. बिल्डरचा माणूस नमुन्याच्या फ्लॅटचं दार उघडून ताटकळत असायचा, आम्ही चपला काढून मोकळे झालेलो असायचो, आणि या पदर खोचून, आलो त्या रस्त्याकडे टक लावून बघत असायच्या. "घर कुठं पळून चाललंय? वाट कुठून येते ती बघू द्या आधी."

भिसेगावात त्या आमच्या घरमालकीण. त्यांच्या मागच्या खोल्यांत मी आणि माझी बायको माधवी भाड्याने राहत होतो. मी कर्जतच्या शाळेत शिकवायचो, म्हणून त्यांच्या तोंडी मी कायम 'मास्तर'. भाडेकरू स्वतःचं घर घ्यायचं म्हणाला की काकू आपणहून त्याच्याबरोबर निघायच्या. पावसात पाहिलेलं घर एप्रिलात पुन्हा पाहायला लावायच्या. शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन पाणी मागायच्या. "पेला कितपत भरून देते ते बघायचं गं," त्या माधवीला सांगायच्या. "अर्धा दिला तर बाई वाईट नाय, नळ वाईट हाय."

खालापूरकडचा एक फ्लॅट माधवीला मनापासून आवडला होता. गॅलरीत उभं राहिलं की समोर डोंगर. एजंट म्हणाला, संध्याकाळी मुंबईची पार्टी येतेय, टोकन आत्ताच देऊन टाका. मी खिशातून चेकबुक काढलंही होतं. काकू मात्र खाली म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्याशी बोलत उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला हाक मारली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "रस्ता माझ्या शेतातनं गेलाय. मी सही केलेली नाय."

एजंट हसला. सगळं वकिलांकडे आहे, होऊन जाईल, असं त्याचं म्हणणं.

"मग झाल्यावर येतो आमी," काकू म्हणाल्या आणि रिक्षाकडे चालू लागल्या.

घरी आल्यावर आमच्या दोघांच्याही मनात होतं ते माधवीने विचारून टाकलं, "काकू, आम्ही गेलो तर तुमचं भाडं बुडेल, म्हणून तर नाही ना?" काकूंनी पाय धुतले आणि आत गेल्या.

पुढचे काही दिवस घरं बघणं बंद होतं. मग एका दुपारी काकू भिजवलेले वाल घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसल्या. माधवीही सोलायला बसली. वाल सोलता सोलता काकूंनी सांगितलं, की लग्नानंतर त्यांच्या नवऱ्याने हौसेने एका गावात घर घेतलं होतं. यायची वाट दुसऱ्याच्या शेतातून होती, नुसत्या तोंडी बोलीवर. पुढे वाद झाला आणि त्या माणसाने काटेरी तार ओढली. एक दिवस नवऱ्याच्या छातीत कळ आली. रिक्षा तारेपलीकडे थांबलेली.

"खुर्चीत बसवून बांधावरनं नेलं आमी त्यांना. रिक्षापर्यंत पोचलो, तवर गेले होते." मग पुढचा वाल सोलत म्हणाल्या, "घर लय छान होतं गं. गच्चीतनं डोंगर दिसायचा."

पुढच्या रविवारी माधवीनेच काकूंच्या दारात जाऊन विचारलं, "येताय ना?"

दहिवलीतलं आमचं आत्ताचं घर काकूंनीच पसंत केलं. इमारत जुनी, जिन्यातल्या गिलाव्याला पोपडे आलेले; मला ते मुळीच आवडलं नव्हतं. काकू शेजारच्या बाईंकडे बराच वेळ बसल्या आणि हसतच बाहेर आल्या. "घ्या हे. पण माझ्या डोळ्यांवर जाऊ नका मास्तर, कागद वकिलाला दाखवा."

सामान टेंपोत चढलं तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत. माधवीने आत जाऊन चार दिवस तरी आमच्याकडे चला म्हणून गळ घातली. "आले तर परत यायचं मन व्हायचं नाय," त्या म्हणाल्या. "तुमी जावा."

गेल्या वर्षी काकू गेल्या. दहाव्याला अंगणात ओळखीचे चेहरे थोडेच होते. नेरळ, खोपोली, पळसदरी, कुठून कुठून माणसं आली होती, सगळे जुने भाडेकरू. ओळख करून घेताना जो तो आपण न घेतलेल्या घराबद्दलच सांगत होता. कुठे पाणीच नव्हतं, कुठलं बांधकाम अर्ध्यावर राहिलं, कुठल्या घराचे मालक निघाले भलतेच.

कोपऱ्यात बसलेला एक गृहस्थ मात्र गप्प होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमच्यानंतर मागच्या खोल्यांत आम्ही होतो. मला नको म्हणाल्या होत्या, तरी मी घेतलं. पावसाळ्यात तळमजल्यावर गुडघाभर पाणी भरतं. दर वर्षी तेवढे दिवस बायकोमुलांना घेऊन इथेच यायचो. काकू मागच्या खोल्या तेव्हा कुणाला द्यायच्या नाहीत."

"काही बोलायच्या का?"

त्याने मान हलवली. "घराबद्दल एक अक्षर नाही. दार उघडायच्या आणि म्हणायच्या, भिजलास रं, अंग पूस आधी."