धुक्यावरची साउंड टेस्ट

"गाडी उडेगी तो आवाज तो होगी ही, नीलिमा मॅडम. कितनी होगी, बस वो लिख दीजिए," चौबे सर म्हणाले आणि त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

चौबे सर माझे बॉस. भोपाळच्या अरेरा कॉलोनीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. एखादा कारखाना, पूल किंवा रस्ता होणार असला की त्याचा हवेवर, पाण्यावर, कानांवर काय परिणाम होईल ते आम्ही मोजतो. कान हे माझं खातं. साउंड मीटर घेऊन मी खडीच्या क्रशरसमोर उभी राहिले आहे, लग्नाच्या डीजेसमोरही. उडणाऱ्या गाडीसमोर मात्र पहिल्यांदाच उभी राहणार होते.

क्लाइंट होती गार्गी. इंदूरच्या मराठी घरातली, तिशीची, स्वतः पायलट. तिच्या कंपनीने दोन माणसांची, विजेवर उडणारी गाडी तयार केली होती. बड्या तलावाच्या काठावर एक पॅड, म्हणजे उतरायची जागा, आणि दुसरं पॅड करोंदच्या मंडीजवळ. मधला बराचसा प्रवास पाण्यावरून. तिला त्यासाठी परवानगी हवी होती, आणि परवानगीसाठी आमचा रिपोर्ट.

"पाण्यावरून गेलं की झंझटच नाही, ताई," ती पहिल्या भेटीत म्हणाली. "खाली घर नाही, शाळा नाही. कोणाला डिस्टर्ब नाही."

"पाण्यावर कुणी राहत नाही असं नाही," मी म्हटलं. "हिवाळ्यात तर तिथे जागा मिळत नाही."

तिला वाटलं मी विनोद केला. मी पक्ष्यांबद्दल बोलत होते.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही शहराबाहेर, तलावाच्या टोकाला तिच्या शेडवर पोचलो. धुकं असं दाट की तलाव कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. गाडी छान होती. पांढरी, बुटकी, पंखांऐवजी वर पसरलेल्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला पंखा. कंपनीचा इंजिनियर इम्रान रेडिओ घेऊन बाहेर उभा होता. आधी मी जमिनीवरून मोजलं. आवाज ट्रकपेक्षा कमी होता, पण जातीने वेगळा. ट्रक घरघरतो आणि निघून जातो. हा कानाच्या आत शिरून बसत होता. आमच्या भाषेत याला टोनल म्हणतात, एकाच सुरात टोचणारा. माणूस त्याला लवकर कंटाळतो.

"आता केबिनच्या आतून मोजावं लागेल," मी म्हटलं.

खरं तर क्लाइंटने ते मागितलं नव्हतं. गार्गीने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "बसा ताई. टेस्टची परमिशन दोन माणसांची आहे."

आम्ही वर गेलो. आधी काचेवर नुसता पांढरा कापूस. मग एकदम ऊन. खाली धुक्याचा एक दुसराच तलाव पसरला होता, पहिल्यापेक्षा मोठा, कडेपर्यंत भरलेला. त्यातून श्यामला हिल्सची झाडं बेटासारखी वर आली होती. पलीकडे दोन मिनार, एक पाण्याची टाकी, एका टॉवरचा लाल दिवा. बाकी भोपाळ नव्हतंच. टी. टी. नगरचं ट्रॅफिक नव्हतं, माझं घर नव्हतं, माझं वय नव्हतं. आमची छोटी सावली धुक्यावरून पळत होती आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं एक कडं होतं. हेडफोनमुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. मांडीवरच्या मीटरकडे मी बघतही नव्हते.

"तू हे का बनवलंस?" मी विचारलं. "ट्रॅफिकसाठी?"

"इन्व्हेस्टरना तसंच सांगते," गार्गी म्हणाली. "खरं सांगू? वर छान वाटतं म्हणून."

मी मान हलवली. त्या क्षणी माझ्या हातात शिक्का असता तर मी मारून टाकला असता.

मग धुकं फुटलं. आधी एका ठिकाणी, मग सगळीकडे. खालून पक्षी वर येत होते. बदकं, मग नारिंगी चक्रवाक, मग ओळखू न येणारे काळे ठिपके. आमच्या आवाजाने अख्खा तलाव उठला होता. गार्गीने गाडी जागच्या जागी थांबवली. बरोबर केलं तिने. एखादा पक्षी पंख्यात गेला असता तर तो गेला असता, आणि कदाचित आम्हीही.

पण हवेत थांबणं म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. रस्त्यावरची गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा तिला जमीन धरून ठेवते. हवेत तुम्हाला कुणी धरत नाही. सगळं वजन पंख्यांनी, म्हणजे बॅटरीने, उचलून धरायचं. म्हणजे पुढे न जाताही खर्च चालूच. स्क्रीनवरची हिरवी पट्टी माझ्या डोळ्यांदेखत पिवळी झाली.

"मॅडम, वापस आइए," रेडिओवर इम्रानचा आवाज.

"कैसे आऊं? पीछे भी पंछी हैं."

पट्टी लाल झाली. काहीतरी पीं-पीं वाजायला लागलं. गार्गीच्या मानेवर घाम होता, पण हात स्थिर. "ताई, घट्ट बसा. काठावर जिथे रिकामं दिसेल तिथे उतरवते. शेड विसरा."

ती इंचाइंचाने बाजूला सरकत गेली. धुक्यात पुन्हा शिरलो. काहीच दिसेना. मी देवाचं नाव घेतलं नाही, सुचलंच नाही. मग खाली मातकट काहीतरी दिसलं, धूळ उडाली, काच तपकिरी झाली आणि आम्ही दणकन पडीक जमिनीवर बसलो. पंखे थांबले.

कान हलके झाले. वर पक्षी गोल गोल फिरत होते. आम्ही बाहेर पडून मातीतच बसलो. बराच वेळ ते खाली उतरले नाहीत.

"कोणी मेलं का?" गार्गीने विचारलं.

"दिसलं तरी नाही."

"मग झालं ना."

"नाही झालं. ते थंडीत इथे खायला आणि विसावायला येतात. तू दिवसभर येत-जात राहिलीस तर पुढच्या वर्षी येणारच नाहीत."

तिने हातांची माती झटकली. मग म्हणाली, "वर कसं वाटलं?"

"स्वप्नासारखं."

"ते लिहा ना रिपोर्टमध्ये."

"त्याला कॉलम नाही, गार्गी."

रिपोर्ट लिहायला मला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले. स्कूटर सिग्नलला उभी असताना मी वर बघायची, मागचे हॉर्न मारायचे. पुन्हा काठावर जाऊन, उडती गाडी दूर जमिनीवरच चालू ठेवून तिचा आवाज मोजला. विजेचा हिशेब मांडला. अशा गाडीतून धूर निघत नाही हे खरं, पण वीज जिथे कोळशावर बनते तिथे तो चिमणीतून निघतोच. लांबचं, सरळ अंतर असेल आणि दोन्ही सीट भरल्या असतील तर हा हिशेब थोडाफार जमतो. शहरातल्या शहरात एकट्याने जायचं तर बहुतेक वीज नुसती चढण्या-उतरण्यात जाते. मी लिहिलं, तलावकाठची जागा योग्य नाही. शहरातली रोजची ये-जा योग्य नाही.

"क्लाइंट नाराज होगी," चौबे सर म्हणाले. पण सही केली.

गार्गी ड्राफ्ट वाचायला ऑफिसात आली. चहा थंड होईपर्यंत वाचत बसली. मी माझी बाजू सांगायच्या तयारीत होते.

"ताई, हे चूक आहे," तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"कोणतं? पक्ष्यांचं?"

"नाही. ते बरोबर आहे. हे. 'बॅटरीची राखीव क्षमता मर्यादित आढळली.' मर्यादित नव्हती, ताई. संपली होती. आणखी थोडं थांबावं लागलं असतं तर आपण पाण्यात असतो. तुम्ही होतात ना बाजूला?"

मी होते. बाजूलाच होते. तरी, वरचं ते ऊन मनात असल्याने, तसं सौम्य लिहिलं होतं.

तिनेच मला नीट वाक्य सांगितलं आणि मी ते टाइप केलं. पॅडचा अर्ज तिने मागे घेतला. एक इन्व्हेस्टर सोडून गेला. ती आता इंदूरजवळ एका मोकळ्या माळावर काम करते, रस्ता नसलेल्या गावांपर्यंत जाण्यासाठी. बॅटरी पुरेल तेव्हा पुरेल, म्हणते. मला अधूनमधून ढगांचे फोटो पाठवते.

ऑफिसात नवीन आलेल्या मुलींना मी मीटर धरायला शिकवते तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगते. जे मोजायचं आहे त्यात बसू नका. बसायचंच असेल तर रिपोर्टवर सही झाल्यावर बसा.