मामाजींचा वर गेलेला हात

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मला मात्र हे सांगताना अजूनही लाज वाटते.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, मोताळ्याला असतात. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. डॉक्टर दिसले की त्यांचे ठोके वाढायचे, बीपी चढायचं. इकडे एक डोळा गेल्यातच जमा होता.

मी चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्यात संमोहनाचा ऑनलाइन कोर्स केलेला! मग गप्प बसतो की काय? दिवाळीला गेलो तेव्हा मामाजींना खुर्चीत बसवलं, डाव्या हाताच्या बोटाला कोरोनातला ऑक्सिमीटर लावला आणि भरल्या घरात भाषण ठोकलं. माणूस खोटं बोलेल, पण हृदयाचे ठोके कुणाच्या हुकमात नसतात. संमोहन लागलं की ते आपोआप उतरतात.

मग आवाज खोल केला. "मामाजी, तुमचा उजवा हात कापसासारखा हलका झालाय. वर चाललाय."

हात वर गेला हो! मीच दचकलो. लगेच शेजाऱ्यांना बोलावलं, बायकोला व्हिडिओ काढायला लावला. ऑक्सिमीटरवर ठोक्यांचा आकडा पाहिला तर ८८ चे १०४. उतरायला हवेत ना? मी म्हटलं, संमोहन खोल गेलं की आधी असंच होतं. हे कुठल्या पुस्तकात आहे ते विचारू नका. पंधरा मिनिटांनी ११८. मामाजींच्या कपाळावर घाम, आणि माझं समजावणं चालूच.

शेवटी सासूबाई हळूच म्हणाल्या, "जवाईबापू, त्यायले हात खाली घ्या म्हना. खांदा दुखते त्यायचा."

मामाजींनी डोळे उघडले. "मी कुठं झोपलो होतो? चार मानसांत जवाई सांगून राह्यले, नाही कसं म्हनाव?"

सासुरवाडीत जावयाचा शब्द मोडत नाहीत, एवढं साधं मला सुचलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा खांदा भरून आला होता आणि मला कौतुक हवं होतं. कान तापले. मामाजींनी ऑक्सिमीटर काढून माझ्या बोटाला लावला. १३२!

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. ठोके अगदी व्यवस्थित. डॉक्टरांनी आश्चर्यानं विचारलं, या वेळी काय औषध घेतलं? मी दारातच उभा होतो.

"औषध कायचं, डॉक्टरसाहेब," मामाजी म्हणाले. "डोये मिटले का जवाईबापूचं त्या दिवशीचं तोंड दिसते. मंग भेव कुठचं लागते?"