अडचण क्रमांक तीन

शाळेतून निघताना मेन स्विच बंद करायचा, ही माझी फार जुनी खोड. आधी नळ बघायचे, मग खिडक्या, मग ऑफिसचं कुलूप, आणि सगळ्यात शेवटी व्हरांड्यातल्या लोखंडी पेटीतली दांडी खाली ओढायची. दांडी खट् करून खाली आली की माझा दिवस संपला. शिपाई आहे, तो हे सगळं करतो, पण त्याने केलेलं मी पुन्हा जाऊन बघते. याला कारण आहे. आधीच्या शाळेत शॉर्टसर्किट होऊन एक कपाट जळलं होतं, आतल्या दाखल्यांसकट. त्या वेळी मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे होता. आग मी लावली नव्हती, तरी लेखी खुलासे देता देता माझे केस पिकले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

त्यामुळे शेलूबाजारजवळच्या या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले, तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर कॉम्प्युटरच्या खोलीला मोठं कुलूप लावलं. आत आठ कॉम्प्युटर, त्यांच्यावर शिवून घेतलेल्या निळ्या खोळी. दसऱ्याला खोळी काढून हळदकुंकू वाहायचं, तपासणी असली की चालू करून दाखवायचे, पुन्हा झाकायचे. ते इतके नवे राहिले की जुने कधी झाले हे कोणाला कळलंच नाही. साहेब लोक येऊन कौतुक करून जायचे आणि मला ते कौतुक खरं वाटायचं.

त्या खोळी निघाल्या नववीतल्या दोन मुलींमुळे. एक चष्मेवाली, मोजकं बोलणारी. तिचे वडील मंगरुळपीरच्या रस्त्यावर जीप चालवतात. दुसरी तिच्या शेजारची, घरी शेती, आणि तोंड एकदा सुरू झालं की घंटा होईपर्यंत थांबत नाही. दोघींनी मोबाइलवर प्रोग्रामिंगचा एक फुकटचा ऑनलाइन वर्ग शोधून काढला होता. आम्ही शिक्षक एकमेकांना सुप्रभात पाठवत होतो, तोवर या पोरी प्रोग्राम लिहायला लागल्या होत्या. पण मोबाइल पडला वडिलांचा आणि वडील जीपवर, त्यामुळे वर्गाच्या वेळी मोबाइल कुठल्यातरी फाट्यावर सवारीची वाट बघत असायचा. म्हणून त्या माझ्याकडे कॉम्प्युटरची खोली मागायला आल्या.

मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्या वेळी त्या वडिलांनाच घेऊन आल्या.

"मॅडम, मले त यातलं काई समजत नाही," ते उभ्यानेच म्हणाले. "लोक म्हनतात मोबाइलनं पोरी बिघडतात. तुमी हमी घेत असान त बसवा. नाईतर दोघीयचं बंद करतो."

हमी घ्यायची माझी काही तयारी नव्हती. पण चष्मेवाली माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी नाही म्हणणार हे तिला मी तोंड उघडायच्या आतच पाठ होतं. मला त्याचा रागच आला. त्या रागाच्या भरात मी म्हटलं, "घेते हमी."

पोळा झाल्यावर त्या वर्गाचा शेवट आला. प्रत्येक जोडीने स्वतः केलेलं काम रविवारी अकरा वाजता पडद्यावर सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. ज्यांचं काम पसंत पडेल त्यांना पुढच्या वर्गात जागा मिळणार होती. आमच्या पोरी पुढच्या वर्षी दहावीत, आणि दहावी म्हणजे घरात टीव्हीवरसुद्धा पडदा. या वर्षी हुकलं की हुकलंच, हे त्या दोघींना ठाऊक होतं आणि मलाही.

त्यांचं काम असं होतं. सोयाबीनच्या पानाचा फोटो दाखवला, की पान चांगलं आहे की त्यावर पिवळा मोझॅक रोग आलाय, हे कॉम्प्युटरने सांगायचं. पोरींनी गावभरच्या शेतांत फिरून पानांचे ढीगभर फोटो काढले होते. ते पुन्हा पुन्हा दाखवून कॉम्प्युटरला शिकवायचं. आमचा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला एक धडा शिकायला तास न् तास लागायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटताना चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, हा चालूच राहू द्या बरं. उद्या सकायपर्यंत शिकून होते त्याचं."

मी "हो हो" म्हटलं. मग नळ बघितले, खिडक्या बघितल्या, कुलूप लावलं आणि दांडी ओढली. खट्.

हे माझ्या ध्यानात आलं रविवारी सकाळी नऊ वाजता, व्हरांड्यात पाय टाकल्यावर. पेटीतली दांडी खाली होती. धावत जाऊन दांडी वर केली, खोली उघडली, पण कॉम्प्युटर रात्रभर बंदच होता आणि आता काही उपयोग नव्हता. पोरी दहाला येणार होत्या. तो एक तास मी लाकडी खुर्चीत बसून त्या जीपवाल्याला काय तोंड दाखवायचं याचाच विचार केला. पोरी मोबाइलने बिघडल्या नव्हत्या, त्यांचं काम हमी घेणाऱ्या बाईने बिघडवलं होतं. आणि विचार करता करता मला एक सोपी वाट दिसली. आपल्याकडे लाईट जाते. कधीही जाते, आणि का गेली हे कोणी कोणाला विचारत नाही.

पोरी आल्या. मी दारातच म्हटलं, "अगं, काल लाईट गेली होती वाटतं. बंद पडलाय तो."

चोवीस वर्षं मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आले आहे.

चष्मेवालीने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं, मॅडम," एवढंच म्हणाली आणि दप्तराच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. बाकीचं दुसरीने सांगितलं. "आमी हप्ताभर मधल्या सुट्टीत थोडं थोडं शिकवून यात ठेवलं होतं, मॅडम. कालचं त नुसतं पक्कं कराले होतं. जरासं कच्चं हाये, पन चालते."

कॉम्प्युटरला नेट मिळावं म्हणून मी माझा मोबाइल रेंज येते त्या खिडकीत नेऊन ठेवला.

अकरा वाजता त्यांनी दहा पानं दाखवली. कॉम्प्युटरने आठ बरोबर ओळखली. शिकवणाऱ्या सरांनी पडद्यावरून हिंदीत उरलेल्या दोन पानांचं विचारलं, तर चष्मेवाली सरळ म्हणाली, "सर, ये दो गलत बताया. इसको और सिखाना पड़ेगा." सर हसले. मग त्यांनी विचारलं, सगळ्यात मोठी अडचण कोणती आली? मी उगाच खिडकीतला मोबाइल नीट करायला लागले.

"बिजली, सर," ती म्हणाली. "हमारे यहाँ बंद हो जाती है. इसलिए रोज का काम रोज अलग रखा."

शेवटी सरांनी निवडलेल्या जोड्यांची नावं वाचली. आमची पाचवी आली. बोलकी पोरगी किंचाळत मैदानात पळाली आणि माझा जीव भांड्यात पडला. मला रडूच आलं, पण मुख्याध्यापिका असल्यामुळे मी ते खिडकी लावायच्या निमित्ताने पुसलं.

खिडकीशीच त्यांची वही उघडी पडली होती. वर लिहिलं होतं, "अडचणी आणि उपाय." एक, लाईट जाईल: लवकर येऊन काम करणे. दोन, रेंज जाईल: मॅडमचा मोबाइल खिडकीत. तीन, मॅडम मेन पाडतील: पेन ड्राइव्ह.

चष्मेवालीने घाईघाईने वहीवर हात ठेवला. कानापर्यंत लाल झाली होती ती.

"लाईट गेली नव्हती," मी म्हटलं. "मेन मीच बंद केला."

"माहीत हाये, मॅडम."

"मग बोलली काहून नाहीस?"

तिने वही मिटली. "काम अडलं नोतं नं, मॅडम. अडलं असतं त बोलली असती."

मला हसू आलं ते आवरेना. इतकी वर्षं मला वाटायचं की ही शाळा मी सांभाळते. मला कोण सांभाळून घेत होतं, ते त्या दिवशी वहीत लिहिलेलं सापडलं.

चुकलेली दोन पानं पुन्हा शिकवायला लावून पोरी बाहेर आल्या. मी नळ बघितले, खिडक्या बघितल्या, कुलूप लावलं, आणि हात आपोआप पेटीकडे गेला.

"मॅडम!" दोघी एकदम ओरडल्या.

मी हात मागे घेतला. दांडी वरच ठेवून घरी गेले, जेवले आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपले.