खड्ड्याला पाणी पाजणारा बसवंत

आमच्या गल्लीतला बसवंत जेवायला बसला की मोबाइल ताटाला खेटून ठेवायचा. एक घास, एक नजर. सकाळी इष्टलिंगाची पूजा करतानासुद्धा एक डोळा मिटलेला आणि दुसरा मोबाइलवर. त्याची बायको शिवकांता मला म्हणायची, "केरबामामा, ह्यांना सांगा की जरा. देवाकडं तरी नीट बघावं माणसानं."

मी कशाला सांगू? माझी फुकटात करमणूक होत होती.

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रक्त तपासणारी एक खाजगी लॅब होती. निलंगा, उदगीर, देगलूर, नांदेड अशा तिच्या शाखा. सगळीकडचे रिपोर्ट इथल्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर जमायचे, आणि त्या खोलीचा राखणदार बसवंत. त्याच्या मोबाइलवर प्रत्येक शाखेचा एक ठिपका. हिरवा असला की सगळं ठीक, लाल झाला की बसवंतचा चेहरा पांढरा.

"दिवसभर करतोस तरी काय रं?" मी एकदा विचारलं.

"पिंग करायलाव, मामा. निलंग्याच्या मशीनला हाळी द्यायची, हायस का? तिकडून 'हाव' असं उत्तर आलं की झालं."

"बायकोला दिलास का कधी अशी हाळी?"

आत शिवकांताच्या हातून झाकण पडलं. हसली असणार.

मग ते रेल्वेनं पाणी आणायचं साल उजाडलं. नळाला पाणी आल्याचं कुणाला आठवेना. टँकर आला की गल्ली घागरी घेऊन धावायची. त्यातच आवई उठली की उदगीर नवा जिल्हा होणार. जिल्ह्याचा अजून पत्ता नव्हता, पण लॅबच्या मालक डॉक्टरांनी तिकडं इमारत घेऊनही टाकली. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात बसवंतचे ठिपके रोज दुपारी लाल व्हायला लागले. निलंग्याचा पेशंट रिपोर्टसाठी ताटकळायचा, आणि डॉक्टर बसवंतवर तापायचे.

"महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर सर्व्हर उदगीरला हलवतो," ते म्हणाले. "तिकडं माझा भाचा बघेल."

झालं! बसवंतची नोकरी त्या ठिपक्यांवर टांगली गेली. माणूस आधीच उतावीळ, आता तर एका जागी बूड टेकेना. आधी त्यानं निलंग्याच्या लाइनला शिव्या घातल्या. मग निरोप कुठल्या गावापर्यंत पोचला आणि कुठं अडकला हे दाखवणारी एक कमांड चालवली. निरोप त्याच्याच खोलीतून बाहेर पडत नव्हता. मग सर्व्हरची नोंदवही म्हणजे लॉग वाचला. सर्व्हर दुपारी आपणहून बंद पडायचा आणि आपणहून उठायचा. वामकुक्षीच म्हणा ना.

शेवटी पुण्याच्या इंजिनिअरनं फोनवर मीटर लावायला सांगितलं आणि आकडा ऐकून म्हणाला, "अहो, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय तुमचा. रोज दोन बादल्या पाणी घाला त्यात."

पुण्यात बसून दोन बादल्या म्हणायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली झोपलेली असताना मला बसवंत दिसला. हातात कॅन, पावलं चोराची. लॅबच्या मागं गेला, लोखंडी झाकण उचललं, खाली वाकला. मी शेजारच्या नागुबाईला एवढंच सांगितलं की बसवंत कॅन घेऊन जातो आणि लॅबमागचं झाकण उघडतो. कॅन जाताना भरलेला असतो की येताना, ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत लॅबखाली चोरटा हौद तयार झाला होता. सकाळी नागुबाई साताठ बायका आणि घागरी घेऊन झाकणापाशी हजर.

"उघड," ती बसवंतला म्हणाली. "आमी टँकरमागं पळायलाव आन तू इथं हौद दाबून बसलास?"

"हौद न्हाई ओ अक्का, अर्थिंग हाय!"

"नाव काय का असंना, उघड."

झाकण निघालं. आत कोळसा, मीठ आणि एक पाइप. नागुबाईनं वाकून बघितलं. "ह्यात कुणाला पुरलास?"

"वीज जिरवायचा खड्डा हाय, अक्का. मशीनमधली फालतू वीज ह्यातून जमिनीत जाते. जमीन वाळली की ती जात न्हाई, आन सर्व्हर बंद पडतो. म्हणून पाणी घालायलाव."

"लेकरांना प्यायला न्हाई आन तू मातीला पाजायलास?"

तेवढ्यात शिवकांता तरातरा आली. "आमच्याच वाट्याचं हाय ते! कवाधरनं अंघोळ केली न्हाई ह्यांनी. खोटं वाटत असंल तर जवळ येऊन वास घ्या."

पुढच्या दोघी आपसूक मागं सरल्या.

नागुबाई कमरेवर हात ठेवून विचारात पडली. "चांगलंच पाणी लागतंय का रं ह्याला?"

"न्हाई. कसलंबी चालतंय."

"मग गल्लीतली पोरं धाडू का सकाळी? फुकटात काम."

"नको नको! शॉक बसंल!" बसवंत हातभर उडाला, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

भांडण तिथंच ढिलं झालं. भांडी घासलेल्या पाण्यातलं तांब्या-तांब्या प्रत्येक घरानं द्यायचं ठरलं. पण नागुबाईनं दोन अटी घातल्या. एक म्हणजे झाकण सगळ्यांसमोर उघडायचं. आणि दुसरी म्हणजे टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या घागरी बसवंतनं राखायच्या.

"तसंबी मोबाइल बघतच बसतोस," ती म्हणाली. "तिथं बसून बघ."

मग काय, घागरींच्या रांगेत मांडी घालून बसवंत, एक नजर ठिपक्यांवर, एक घागरींवर. कुणी घागर पुढं सरकवली की हा ओरडणार, तेवढ्यात मोबाइल वाजला की तिकडं बघणार. मी मुद्दाम पायानं एखादी हलवायचो.

खड्डा ओला झाला, मीटरचा आकडा उतरला, ठिपके हिरवे राहिले. महिनाअखेरीस डॉक्टरांनी लॉग बघितला. दुपारची झोप त्यात कुठं सापडेना. ते म्हणाले, "ठीक आहे. उदगीर जिल्हा जाहीर होईपर्यंत राहू दे इथंच."

नोकरी वाचली. आता तरी बसवंत स्वस्थ बसेल असं शिवकांताला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात.

"मामा, पेपरात उदगीरचं काय आलंय का?"

मी पेपर आरामात मिटला, चहाचा घोट घेतला. "आज तर न्हाई. पण लोक म्हणायलेत, होईल आता लवकरच."

समोरचा चहा तसाच ठेवून तो उठला आणि मीटर घेऊन लॅबच्या मागं पळाला, जसा काही जिल्हा त्या खड्ड्यातूनच वर येणार होता.