तयार नाही

रोज सकाळी कपाट उघडलं की आत्या एकेक रायफल बाहेर काढायची, बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, काढून बाजूला ठेवायची आणि नळी खिडकीकडे धरून मागच्या बाजूने तिच्यातून बघायची. पलीकडे उजेडाचा गोल दिसला की "उजेड आहे," असं मोठ्याने म्हणायची. कपाटात अकरा रायफली होत्या, म्हणून अकरा वेळा. मी तिच्याकडे राहून कॉलेजात शिकत होते. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर क्लबवर गेले की मला हसू यायचं. ती म्हणायची, "हसतेस काय? नळीत काही अडकलेलं असलं तर ती विचारत नाही, कोणाला लागू म्हणून."

आत्या नेमबाजी क्लबचं शस्त्रागार सांभाळायची. शस्त्रागार हा भारदस्त शब्द फक्त दारावरच्या पाटीवर होता. आत एक लोखंडी कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि तेलाचा वास. पण नव्याने शिकायला येणारा प्रत्येक माणूस आधी त्या टेबलासमोर बसायचा, कारण त्याने कोणती बंदूक घ्यावी हे आत्या ठरवायची. क्लबचा नियमच तसा होता. शिकाऊ माणसाच्या अर्जावर आत्याने 'तयार' असं लिहून सही केल्याशिवाय त्याला स्वतःची बंदूक घेण्यासाठी लागणारं पत्र मिळत नसे.

तिचं ठरलेलं म्हणणं होतं. पहिली बंदूक लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, पॉइंट टू टूची. तिचा धक्का कमी, आवाज कमी, म्हणून खांदा घाबरत नाही आणि डोळा मिटत नाही. तीही एका वेळी एकच गोळी भरायची, म्हणजे प्रत्येक गोळीआधी माणूस थोडा विचार करतो. पिस्तूल नको. पिस्तुलाचं तोंड मनगटाबरोबर कुठेही फिरतं. आणि शेवटी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट सहज चापापर्यंत पोचलं पाहिजे. "बूट मापाचे घेता ना? मग हे का नाही?" एवढं ती प्रत्येकाला ऐकवायची. बँकेतला एक जाडजूड कारकून म्हणाला होता, "बाई, लग्न जमवतानासुद्धा आमच्याकडे एवढी मोजमापं झाली नव्हती." आत्या म्हणाली, "म्हणून तर इथे येऊन बसलाय."

ठेकेदार आणि त्याची बायको आले ते एका मंगळवारी. ठेकेदार मोठा माणूस. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नवं छप्पर टाकायचं काम त्याच्याकडेच होतं, तेही निम्म्या दरात, म्हणून क्लबचे सेक्रेटरी त्याला दारापर्यंत सोडायला आले होते.

"हिला शिकायचंय," ठेकेदार बायकोकडे न बघता म्हणाला. "हौस आहे."

"कधीपासून?" आत्याने बायकोला विचारलं.

"बरेच दिवस," उत्तर ठेकेदाराने दिलं.

आत्याने कपाटातली सगळ्यात हलकी रायफल काढून तिच्या हातात दिली. माप बरोबर बसलं. ठेकेदाराने ती पाहिलीसुद्धा नाही. त्याचे प्रश्न वेगळे होते. एका दमात किती गोळ्या सुटतात? भिंतीपलीकडे आवाज जातो का? पिस्तूल का नाही, घरात ठेवायला सोपं पडतं की.

"नेमबाजीची बंदूक घरात ठेवायला अवघडच असावी," आत्या म्हणाली.

तो हसला. "बाई, तुम्ही दुकान काढलंत तर बुडेल हं."

ते गेल्यावर आत्या बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिली. मग सेक्रेटरींकडून तिला कळलं की ठेकेदाराने आधी स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला होता. कामावरच्या एका मजुराला मारहाण केल्याची केस असल्याने तो अर्ज नामंजूर झाला. म्हणून आता बायकोच्या नावाने. "त्यात काय एवढं?" सेक्रेटरी म्हणाले. "नवराबायकोत माझं-तुझं असतं का?"

ठेकेदाराची बायको दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागली. ठेकेदार गाडीतून सोडायचा आणि बरोबर तासाभराने न्यायला यायचा. एक मिनिट उशीर झाला तर हॉर्न. पहिल्या दिवशी पाच गोळ्यांपैकी दोन नेमाच्या कागदाबाहेर गेल्या. तिसऱ्या आठवड्यात पाचही गोळ्या चहाच्या कपाच्या बुडाएवढ्या जागेत बसल्या. आत्या दुर्बिणीतून बघत होती. तिने पुन्हा बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हणाली, "पोरी, श्वास कोणी शिकवला तुला?"

"शिकवायला कशाला हवं? घरात मी असाच घेते," ती म्हणाली. "आवाज न करता."

हे उत्तर आत्याने मला त्या संध्याकाळी भाजी चिरताना सांगितलं, आणि चिरलेलीच भाजी पुन्हा चिरायला घेतली.

पुढच्या शुक्रवारी हॉर्न वाजायच्या आधी दहा मिनिटं त्या बाईने रायफल खाली ठेवली, बोल्ट उघडला, हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "आत्या, मला पास करू नका."

मला त्या दिवशी सुट्टी होती, मी तिथेच गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत होते.

"मला इथे यायचंय. खूप यायचंय. पण ती वस्तू घरात नको. ते रोज विचारतात, पत्र कधी मिळणार. परवा म्हणाले, एकदा घरात आली की तू नीट वागशील."

आत्याने अर्ज पुढे ओढला आणि लिहिलं, 'तयार नाही'. सही केली. तारीख घातली.

असं पाच महिने चाललं. दर महिन्याला एक 'तयार नाही'. कधी कारण खांदा, कधी डोळा, कधी हात थरथरतो. ज्या बाईच्या हाताइतका स्थिर हात त्या रेंजवर कोणाचा नव्हता! ठेकेदार आत्याच्या समोर बसून बायकोला म्हणायचा, "तुला एक काम धड जमत नाही." ती मान खाली घालायची. आत्याही मान हलवायची, "हो ना, फारच कच्ची आहे." पुढे पुढे दोघींना ते नाटक इतकं जमलं की मला भीती वाटायची. ठेकेदार गेटबाहेर पडताना एकदा मागे वळून बघायचा. हसत नसायचा.

आत्या डोळ्यांत तेल घालून सगळं सांभाळत होती, आणि तरी चुकली. चूक तिच्यासारख्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. शिकवणाऱ्याला चांगला कागद फाडता येत नाही. त्या बाईचे नेमाचे कागद जाळून टाकायचे असं तिने मनाशी ठरवलं होतं, पण एकही जाळला नाही. प्रत्येकामागे खरे गुण आणि तारीख लिहून, गोळ्यांच्या खोक्याखाली, टेबलाच्या खणात ठेवले. "पाच गोळ्यांचा असा घट्ट गट मी आयुष्यात चारदा पाहिलाय, त्यातले तीन हिचे," असं ती एकदा मला म्हणाली होती. तिच्या आवाजात माया होती आणि थोडा गर्वही.

एका गुरुवारी आत्या दातांच्या डॉक्टरकडे गेलेली असताना सेक्रेटरी स्टेपलर शोधत शस्त्रागारात आले. त्यांनी खण उघडला. वाईट हेतू काहीच नव्हता, उलट त्यांना आनंदच झाला. छपराचं काम बघायला आलेल्या ठेकेदाराला त्यांनी तो गठ्ठा दाखवला. "अहो, वहिनींचा नेम बघा! आमच्या बाई उगाच खुसपटं काढतात. सोमवारी मीच सही करून टाकतो."

क्लबचा माळी तिथे रोपांना पाणी घालत होता. त्याने आम्हाला नंतर सांगितलं, की ठेकेदाराने सगळे कागद एकेक करून पाहिले. उलटून मागच्या तारखाही वाचल्या. मग नीट जुळवून परत दिले, आणि "बरं झालं दाखवलंत," म्हणाला.

आत्याला हे शुक्रवारी सकाळी कळलं. सेक्रेटरींशी तिचं भांडण झालं असेल, असं मला वाटलं होतं. तसं नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्हाला काय कळणार," आणि आत येऊन बसली. त्या दिवशी ठेकेदाराने बायकोला नेहमीसारखं आणून सोडलं. उतरताना तिच्या ओठाच्या कडेला पावडर जाड बसली होती. आत्याने तिला रायफल दिलीच नाही. तिचा हात धरून तिला मागच्या फाटकातून बाहेर नेलं, रिक्षात घातलं, बस स्टँडवर स्वतः तिकीट काढलं आणि तिच्या बहिणीच्या गावाच्या गाडीत बसवलं. तासाभराने हॉर्न वाजला. बराच वेळ वाजत राहिला. माळ्याने ठेकेदाराला सांगितलं, बाईसाहेब लवकर गेल्या.

ती सुखरूप आहे, एवढंच मी इथे लिहिते. कुठे, ते लिहीत नाही.

शनिवारी सकाळी आत्याने शस्त्रागारातल्या कपाटाच्या चाव्यांचा जुडगा माझ्या पिशवीत टाकला. "आज तुझ्याजवळ राहू दे. कॉलेजातून थेट काकांकडे जा, इकडे येऊ नकोस."

"का गं?"

"दाढ दुखतेय. बोलायला लावू नकोस."

मी तिला पोलिसांकडे जाऊ म्हणाले. ती म्हणाली, काल संध्याकाळी जाऊन आले, त्यांनी अर्ज ठेवून घेतलाय. मग मी तिला घरीच थांब म्हणाले. "मी दिसले नाही तर तो तिला शोधायला लागेल," ती म्हणाली. "मी दिसले की आधी माझ्याशी भांडेल. तेवढा एक दिवस तिला मिळू दे." हे तिने चपलेचा बंद लावता लावता सांगितलं, दूधवाल्याला निरोप द्यावा तसं. मी गेले. जायला नको होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला ठेकेदाराची गाडी क्लबच्या दारात थांबली. हॉर्न वाजला नाही. कपाट बंद होतं, रेंज रिकामी होती. आत्या वाकून शस्त्रागाराची फरशी पुसत होती. तो दारात उभा राहिला तेव्हा त्याचे हात खिशात होते, असं माळी म्हणतो. पुढचं सगळं, आत्या कशी गेली तेसुद्धा, पोलिसांच्या कागदांत आहे. माळ्याला आठवतं ते इतकंच, की आत्याने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, बादली जरा बाजूला सारली आणि म्हणाली,

"पाय पुसून या. फरशी ओली आहे, घसराल."